सातवी पायरी

दर वर्षी डिसेंबर महिना संपत आला, की जामनेरच्या आमच्या घरी टपालाने एक पाकीट येते. त्यावर परदेशी तिकीट असते आणि पत्त्याचे अक्षर इतके वळणदार असते, की आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माझ्यासारख्या माणसालाही त्यात लाल शाईने काही सुधारावेसे वाटत नाही. आत नाताळाचे भेटकार्ड असते. त्यावर बहुधा बर्फाने झाकलेल्या कुंपणावर बसलेला, तांबड्या छातीचा एक चिमुकला पक्षी असतो. पोस्टमन नवा असला, की सायकल भिंतीला टेकवून विचारतो, "गुरुजी, विलायतेत कोण असतं तुमचं?"

माझी मुलगी, जावई आणि नातू लंडनमध्ये असतात, हे तर खरेच आहे. परंतु ते कार्ड त्यांचे नसते. ज्या वृद्ध बाई ते पाठवतात, त्या आमच्या नात्यातल्या नव्हेत. त्यांच्या घराचा उंबरठाही मी कधी ओलांडलेला नाही. त्यांची आणि आमची ओळख झाली ती विटांच्या एका भिंतीवरून. ती भिंत जेमतेम कमरेएवढी उंच होती, आणि तरीही ती ओलांडायची नाही, असा तेव्हा कायदा होता.

ही हकिकत २०२० सालची आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना ते वर्ष अंधुकसेच आठवत असेल. मी मुख्याध्यापकाच्या जागेवरून निवृत्त झालो होतो आणि मुलीचा आग्रह मोडवेना, म्हणून त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आम्ही उभयता लंडनला जायला निघालो. जळगावहून मुंबईची गाडी धरणे सोयीचे होते. परंतु माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणत असे, ते हट्टाला पेटले. "मास्तर, विलायतेला जायचं, तर आपल्या गाडीनं निघ," असे ते म्हणाले. 'आपली गाडी' म्हणजे पाचोरा-जामनेर. आमच्याकडे तिला सगळे नुसते 'पीजे' म्हणत. छप्पन्न किलोमीटरची ती अरुंद रुळांची आगगाडी. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. पहूर, शेंदुर्णी अशी गावे घेत ती इतक्या सावकाश जाई, की खिडकीत बसलेल्या माणसाला शेतातल्या माणसाची खुशाली विचारून उत्तर ऐकण्याइतका वेळ मिळे. दादा फलाटाच्या अगदी टोकाला उभे राहिले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि ती वळणाआड जाईपर्यंत तो तसाच वर ठेवला. मी गावाला निघालो, की ते नेहमी असेच करीत. त्यामुळे मी त्या हाताकडे विशेष लक्ष दिले नाही.

आमचे परतीचे तिकीट एप्रिलच्या मध्याचे होते. २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती, आणि आम्हां खानदेशी माणसांना आखाजीच्या सणाला घराबाहेर राहणे म्हणजे दिवाळी उपाशी काढण्यासारखे वाटते.

परंतु मार्च महिन्यात सारे जगच थांबले. चीनमध्ये २०१९ च्या अखेरीस दिसलेला कोरोनाचा रोग बघता बघता सर्वत्र पसरला. २२ मार्चपासून परदेशांतून भारतात येणारी प्रवासी विमाने बंद झाली. २३ मार्चच्या रात्री इंग्लंडच्या पंतप्रधानांनी लोकांना घरातच राहण्याचा आदेश दिला, आणि २५ मार्चपासून साऱ्या भारतात टाळेबंदी सुरू झाली. 'टाळेबंदी' हा शब्द आम्ही लहानपणी गिरण्यांच्या बातम्यांत वाचत असू. मालक-कामगारांचे बिनसले, की मालक गिरणीला टाळे लावी. अख्ख्या देशाला टाळे लागेल आणि त्यासाठी हाच शब्द वापरावा लागेल, असे भाषेच्या कोणत्याही शिक्षकाला वाटले नसते. त्याच दिवसांत आमची पीजेही थांबली.

माझी मुलगी डॉक्टर आहे. इतर सगळे घरात बसले असताना ती मात्र रोज इस्पितळात जाई. तिच्या घराचा जिना चौदा पायऱ्यांचा होता. पहिल्याच आठवड्यात तिने आम्हांला सर्वांना खाली उभे केले आणि नियम सांगितला. वरची खोली तिची. खालचे घर आमचे. आणि सातवी पायरी ही सीमा. कामावरून आली, की ती मागच्या दाराने थेट वर जाई, स्नान करी. मग माझी पत्नी जेवणाचे ताट सातव्या पायरीवर ठेवून खाली येई. ती पुरती खाली आली, हे पाहिल्यावरच मुलगी वरून उतरून ताट उचली. तेव्हा नऊ वर्षांचा असलेला माझा नातू त्या पायरीवर चिठ्ठ्या ठेवी. आई आणि मुलगा एकाच छपराखाली राहून एकमेकांना पत्रे लिहीत होते.

एप्रिलमधल्या एका रात्री ती फार उशिरा आली. ताट घ्यायला आली, पण घेतलेच नाही. वरच्या पायरीवर बसून राहिली आणि गुडघ्यांत डोके घालून रडू लागली. त्या दिवशी इस्पितळात काय पाहिले, ते तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. पत्नी खाली उभी होती. तिने एक पाऊल उचलले, दुसरे उचलले. चौथ्या पायरीपर्यंत गेली असेल, तोच वरून आवाज आला, "आई, पायरी ओलांडू नकोस." पत्नी तिथेच बसली. किती वेळ त्या दोघी अशा बसल्या होत्या, ते मला सांगता येणार नाही. लेकीच्या पाठीवरून हात फिरवावा, एवढेच आईला हवे होते; आणि नेमके तेवढेच करायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी नातवाने मला विचारले, "आजोबा, आईला भीती वाटते, तर ती जाते कशाला?" मी त्याला सावित्रीबाई फुले यांची गोष्ट सांगितली. १८९७ साली पुण्यात प्लेगाने थैमान घातले असताना त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना काढला. सावित्रीबाई आजारी माणसांना तेथे आणून त्यांची सेवा करीत. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. गोष्ट सांगून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की मी चुकलो. मुलगा गोरामोरा झाला होता. सेवेची थोरवी सांगण्याच्या भरात त्या गोष्टीचा शेवट त्या वेळी त्या मुलाला सांगू नये, एवढे भान पस्तीस वर्षे मुलांत काढलेल्या मास्तराला राहिले नाही. मग मी घाईघाईने हाफकिन यांची गोष्ट काढली. मुंबईत प्लेगावरची लस तयार करून त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती, आणि ते सुखरूप राहिले. त्याने मुलाच्या चेहऱ्यावर थोडा रंग परतला.

शेजारच्या बाईंची ओळख झाली ती थाळीमुळे. भारतात २२ मार्चच्या सायंकाळी लोकांनी थाळ्या वाजवून रोग्यांची सेवा करणाऱ्यांविषयी कृतज्ञता दाखवली होती. इंग्लंडमध्ये २६ मार्चपासून दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात येऊन टाळ्या वाजवू लागले. दहा आठवडे हा क्रम चालला. टाळ्या वाजवून रोग जात नाही, हे मलाही समजत होते, आणि पहिल्या गुरुवारी मी घरातच बसून राहिलो. परंतु पत्नी स्टीलची थाळी आणि पळी घेऊन परसात गेली आणि तिने असा काही ठणठणाट केला, की पलीकडच्या बाई टाळ्या थांबवून बघतच राहिल्या. पुढच्या गुरुवारी त्यांनीही एक पातेले आणि लाकडी चमचा आणला. त्यांची ऐंशी उलटलेली, पती वारलेले, मुलगा ऑस्ट्रेलियात. वयामुळे त्यांना बाहेर पडण्याची मनाई होती. पत्नीचे इंग्रजी बेताचे, बाईंना मराठीचा गंध नाही. तथापि भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन खुर्च्या टाकून त्या दोघी तासतास बोलत. काय बोलत, हे मला अजूनही कळलेले नाही.

बाई मूळच्या डर्बीशायर परगण्यातल्या. एके दिवशी त्यांनी तिकडच्या ईम नावाच्या खेड्याची हकिकत सांगितली. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग होता. तिथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा एक गठ्ठा आला आणि त्याबरोबर प्लेगाच्या पिसवाही आल्या. माणसे मरू लागली. लोक पळून गेले असते, तर रोग आसपासच्या गावांत पसरला असता. तेव्हा १६६६ च्या उन्हाळ्यात तेथील धर्मोपदेशक विल्यम माँपेसन यांनी गावकऱ्यांना एकत्र करून विनवले, की आपण आपले गाव आपणच बंद करू. आणि गावाने ते मानले. गावाच्या सीमेवर एक दगड होता. त्यात खळगे पाडलेले होते. बाहेरगावचे लोक तिथे अन्नधान्य ठेवून दूर जात. ईमचे लोक ते उचलत आणि पैसे त्या खळग्यांतल्या शिरक्यात बुडवून ठेवत, म्हणजे नाण्यांबरोबर रोग जाऊ नये. साथ सरली तोवर गावातली सुमारे अडीचशे माणसे दगावली होती. त्यांत खुद्द माँपेसन यांची पत्नी होती. तो दगड अजून तेथे आहे.

हे ऐकताना मला माझी आजी आठवली. तिच्या लहानपणी प्लेगाची साथ आली, की माणसे घरदार सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. ती सांगे, की वाटेवरच्या एका झाडाखाली कोणी पीठ ठेवून जाई, कोणी मिठाचा पुडा. कोण ठेवून जाई, हे विचारायचे नसे. लहानपणी ही गोष्ट मी झोप येईपर्यंत ऐकत असे. तिच्यात काही अर्थ आहे, हे मला साठी उलटल्यावर, सात समुद्र ओलांडून गेल्यावर कळले. मी नातवाला हाक मारली आणि बाईंना ईमची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. त्याने ती ऐकली, घरात गेला आणि चुन्याच्या खडूने सातव्या पायरीवर छोटे छोटे गोल काढून आला.

आखाजी लंडनलाच झाली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. त्या वर्षी माहेरच लेकीच्या घरी अडकून पडले होते. पुढे उन्हाळ्यात आजाराचा जोर ओसरला. जिन्यावरची सीमा उठली, आणि त्या दिवशी मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून किती रडल्या, ते मी लिहीत बसत नाही. आमच्या राहण्याच्या परवान्याची मुदत अर्ज करून वाढवून घ्यावी लागली. भारतात परतण्यासाठी खास विमाने सुटू लागली होती. परंतु मुलगी दिवसरात्र कामावर असताना नातवाला टाकून निघणे पत्नीच्या जिवावर येई. आज जाऊ, उद्या जाऊ, असे म्हणता म्हणता पावसाळा गेला.

मी नातवाला मराठी शिकवू लागलो होतो. त्याचा सगळा अडसर 'ळ' या अक्षरापाशी होता. 'शाळा' म्हणायला सांगावे, तर तो 'शाला' म्हणे. सरावाला कोणीतरी हवे, म्हणून मी त्याला रोज दादांशी फोनवर बोलायला लावी. दादा त्याला पीजेच्या गोष्टी सांगत. गाडी बंद आहे, हे त्यांना माहीत होते. पण सांगताना ती चालू असल्यासारखेच सांगत. "तू ये. तुला इंजिनाच्या मागच्याच डब्यात बसवतो. मी फलाटावर उभा राहीन," असे ते म्हणत. मुलाने त्या गाडीची किती चित्रे काढली, त्याला गणती नाही. मी त्याच्याशी दहा वेळा घोकून जे जमले नाही, ते दादांशी बोलता बोलता जमले. 'वेळ', 'गूळ', 'मोळी' असे शब्द तो बिनचूक म्हणू लागला.

सप्टेंबरमध्ये दादांना ताप आला. आठव्या दिवशी ते गेले. पुतण्याने फोनवरून अंत्यविधी दाखवला. अंगभर झाकलेली चारपाच माणसे, दूरवर धूर. चित्र मध्येच थांबे, मध्येच हले. ज्या फलाटावरच्या हाताकडे मी धड पाहिलेही नव्हते, तो हात मला त्या वेळी दिसत होता. मी मुलीच्या परसात बसून तिलांजली दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर पांढऱ्या फुलांचा एक गुच्छ होता. बाई खिडकीतून पाहत होत्या. मी गुच्छ उचलला, तेव्हा त्यांनी मान लवविली आणि पडदा ओढून घेतला.

८ डिसेंबरला कॉव्हेंट्री शहरात मार्गारेट कीनन या नव्वद वर्षांच्या बाईंना नव्या लशीची पहिली मात्रा टोचली गेली. त्यांच्यानंतर ज्यांना ती मिळाली, त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांचे नाव विल्यम शेक्सपिअर होते, आणि तेही त्या महाकवीप्रमाणे वॉरिकशायरचेच राहणारे! ही बातमी मी घरातल्या प्रत्येकाला दोनदा वाचून दाखवली. मनावरचे ओझे हलके झाले. आम्ही २३ डिसेंबरचे तिकीट काढले. सामान बांधले. १९ तारखेला बातमी आली, की लंडनच्या परिसरात विषाणूचा एक नवा, अधिक वेगाने पसरणारा प्रकार फैलावला आहे. नाताळासाठी एकत्र जमण्याची दिलेली सवलत तेथे मागे घेण्यात येत आहे. चाळीसहून अधिक देशांनी ब्रिटनहून येणाऱ्यांना दारे बंद केली. भारतानेही २२ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून तिकडून येणारी विमाने थांबवली. आमचे विमान एका दिवसाने हुकले. जिन्यावरची सीमा पुन्हा सुरू झाली.

'नाताळ' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. पाव, पगार, चावी हेही त्यांचेच. आमच्या शाळेत नाताळ म्हणजे आठवडाभराची सुटी आणि थंडीत शेकोटीवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत. नाताळाच्या दिवशी पत्नी म्हणाली, "अहो, सामान बांधलेलंच राहू द्या. मी भरीत करते." पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या आमच्याकडच्या हिरव्या वांग्यांची चव तिकडच्या काळ्या वांग्यांना कुठली? पण तिने ती गॅसच्या ज्वाळेवर धरली. क्षणभरातच छताला बसवलेली धुराची घंटा असा आकांत करू लागली, की मी, जावई आणि नातू पंखे घेऊन धावलो. शेजारच्या बाई घाबरून परसात आल्या. काय झाले, हे समजल्यावर त्या हसू लागल्या, आणि कितीतरी वेळ हसत होत्या.

पत्नीने एका बशीत भरीत आणि भाकरी भिंतीवर ठेवली आणि ती मागे सरली. बाईंनी घरातून मनुका-बेदाणे भरलेल्या गोड पुऱ्यांची थाळी आणली, भिंतीवर ठेवली आणि त्याही मागे सरल्या. त्यांचे टेबल खिडकीतून दिसत होते. त्यावर एकाच माणसाची मांडणी होती. तीन वाजता राणी एलिझाबेथ यांचे भाषण होते. इतकी वर्षे ज्यांच्याकडे सारे राजकुटुंब नाताळाला जमे, त्या राणीही त्या वर्षी विंडसरच्या किल्ल्यातच राहिल्या होत्या. आम्ही आमच्या घरात, बाई त्यांच्या घरात, असे ते भाषण ऐकले आणि पुन्हा भिंतीशी आलो.

"तुम्ही आत्ता घरी पोहोचला असता ना?" बाईंनी विचारले.

"हो," मी म्हणालो.

"मला फार वाईट वाटतं." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आणि थोडंसं बरंही वाटतं. असं बोलू नये, नाही का?"

पत्नीने मला अर्थ विचारला. मी सांगितला. ती बाईंकडे पाहून हसली आणि मराठीतच म्हणाली, "बोला हो. चालतं."

मुलगी रात्री दहाला आली. तिने वर जाऊन स्नान केले आणि ती पायरीवर बसली. आम्ही तिघे खाली बसलो. सातव्या पायरीवर भरिताचे ताट होते, आणि त्याच्या शेजारी नातवाने काढलेले पीजेचे चित्र. फलाटावर हात वर केलेला एक मनुष्य होता. खाली मराठीत लिहिले होते, 'मोठ्या आजोबांना नाताळाच्या शुभेच्छा.' 'ळ' सुरेख वळणाचा होता. मुलीने चित्र बराच वेळ पाहिले आणि मग ती जेवू लागली.

आम्ही जानेवारीच्या अखेरीस मुंबईला उतरलो, तिथे सांगितले तितके दिवस अलग राहिलो आणि मोटारीने जामनेरला आलो. पीजे पुन्हा सुरू झाली नाही. त्या मार्गावर रुंद रूळ टाकावयाचे ठरल्यामुळे ती छोटी गाडी कायमचीच थांबली.

२०२२ च्या श्रावणात नातू जामनेरला आला. पहिल्याच सकाळी तो म्हणाला, "आजोबा, स्टेशनावर चला." मी त्याला सांगितले, की तिथे आता गाडी नाही. "ठाऊक आहे," तो म्हणाला. पाऊस नुकताच थांबला होता आणि आवारात गुडघाभर गवत माजले होते. त्याने विचारले, "मोठे आजोबा कुठे उभे राहायचे?" मी हाताने जागा दाखवली. तो गवतातून चालत गेला आणि तिथे जाऊन उभा राहिला.